तारखेपुरती मोकळी जागा

आमच्या कॉलेजात रुजू होताना दोन कागदांवर सही करावी लागायची. पहिला नेमणुकीचा, दुसरा राजीनाम्याचा. दुसऱ्या कागदावर सगळं टाइप केलेलं असे: नाव, हुद्दा, कारण. खाली आपली सही. वर उजव्या कोपऱ्यात तारखेपुरती जागा मात्र मोकळी. ती जागा संस्थेची. संस्थेला वाटेल त्या दिवशी संस्था ती भरणार.

हे सांगणारी बाई गेली बावीस वर्षं मुलांना राज्यघटना आणि नोकरीतल्या भेदभावाचा कायदा शिकवते आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे तशी सोय फारशी नाही.

पनवेलहून पळस्प्याकडे निघालं की डाव्या हाताला आमची तीन मजली इमारत लागते. संस्थापकांना सगळे शेठ म्हणतात. वडिलांची भातशेती होती, मिठागर होतं. नव्या शहरासाठी जमीन गेली तेव्हा वडिलांनी ज्या कागदावर अंगठा उठवला तो वाचायला घरात कुणी नव्हतं. म्हणून आपल्या माणसांची पोरं वकील झाली पाहिजेत, असं शेठच्या मनाने घेतलं आणि त्यांनी लॉ कॉलेज काढलं. हे त्यांना खरंच, अगदी आतून वाटलं होतं. मी त्यांना कधी खोटं बोलताना पाहिलं नाही. त्यामुळेच त्यांची भीती वाटायची.

मी मुलाखतीला गेले आणि त्याच दिवशी रुजू झाले, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, नवी कोरी एलएलएम, अंगावर कडक स्टार्चची साडी. हेडक्लार्कने दुसरा कागद पुढे सरकवला. मी वाचला. इथे शहाण्या बाईने पर्स उचलून बाहेर पडायला हवं होतं. मी काय केलं? मला हसू आलं. मसुदा इतका भिकार होता! "माझी अडचण असल्याकारणाने मी राजीनामा देत आहे तरी मंजूर व्हावा." संपला.

"शेठ," मी म्हणाले, "हे कुठल्याही कोर्टात दोन मिनिटं टिकणार नाही."

शेठनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मंग टिकंल असा करा की. तुमी कायद्याच्या."

आणि मी खुर्ची पुढे ओढली, हेडक्लार्ककडून कोरा कागद मागून घेतला आणि लिहायला लागले. कुणी डोक्यावर बंदूक धरली नव्हती. आपल्याला एखादी गोष्ट छान येते आणि ती करून दाखवायची संधी मिळते, याइतकं धोकादायक काही नाही. मी लिहिलं: "मी शांतपणे व पूर्ण विचारांती, कोणाच्याही दडपणाविना, आमिषाविना वा सूचनेविना, केवळ कौटुंबिक कारणास्तव व स्वेच्छेने माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. संस्थेने मला सदैव सन्मानाने वागवले, याबद्दल मी ऋणी आहे." त्यातला 'वा सूचनेविना' हा तुकडा माझ्या खास अभिमानाचा. पळवाटा मी एकेक करून बुजवल्या, नागपंचमीच्या आधी घरातली बिळं बुजवतात तशा.

शेठनी ते मोठ्याने वाचून घेतलं. "आता कसा झाला!" ते म्हणाले.

टाइप होऊन आलेल्या त्या नव्या मसुद्याखाली पहिली सही माझीच पडली. दुसऱ्या दिवशी शेठचा ड्रायव्हर घरी पापलेटांची टोपली देऊन गेला. मी ती तळून, चवीने खाल्ली.

तारीख कुणाची आणि कधी भरायची, ते शेठ ठरवत. भरायचं काम हेडक्लार्कचं. मऊ स्वभावाचा माणूस, अक्षर देखणं, कुणाला दुखवायचा नाही. तारीख भरली की सूचनाफलकावर एक कागद लागे: अमुक प्राध्यापकांचा निरोप समारंभ, शनिवारी सकाळी अकरा वाजता, सभागृहात, सर्वांनी उपस्थित राहावे. ज्याचा निरोप, त्यालाही तो तिथेच कळायचा. हातात हजेरीपट घेऊन माणूस फलकाशी थांबायचा, स्वतःचं नाव वाचायचा, पुन्हा वाचायचा. मग वर्गावर जायचा, कारण तास असायचा.

तुम्ही म्हणाल, मग ओरडत कसं नव्हतं कुणी? समारंभ बघितला असता तर तुम्हाला कळलं असतं. समोर दोनशे विद्यार्थी बसलेले. पहिल्या रांगेत त्या माणसाची बायको, तिला आणायला शेठनी स्वतःची गाडी पाठवलेली. टेबलावर हार, नारळ. शेठ जागचे उठतात, शाल उलगडतात, खांद्यावर घालतात. खांद्यावर शाल पडली की माणसाचे हात आपोआप जुळतात हो! ती आपली सवय आहे. त्या क्षणी फोटो निघतो. फोटो राजीनाम्याच्या फायलीत जातो. झालं.

आणि सूत्रसंचालन? माझं. माझा आवाज चांगला आहे, वेळ साधून विनोद करता येतो, रडणारी सभा हसवता येते. एकदा ग्रंथपालांचा निरोप होता. त्यांनी सेवाज्येष्ठतेच्या यादीबद्दल तीन पत्रं लिहिली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांच्या विसरभोळेपणाचा एक किस्सा असा रंगवला की ते स्वतःच खो खो हसले. फोटोत ते हसताना आले आहेत. शेठ मला नंतर म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळं कार्यक्रमाला रंगत येते." मला बरं वाटलं होतं.

पण त्या बावीस वर्षांत मी एकदाही फलकाकडे न बघता जिना चढलेले नाही. रोज सकाळी सव्वासातला, वर्गावर जायच्या आधी, माझे डोळे आधी माझंच नाव शोधत. सगळ्यांचेच शोधत. आम्ही तिथे थबकायचो, नाव नाही असं बघायचो आणि मग एकमेकांना जरा जास्तच मोकळेपणाने "गुड मॉर्निंग" म्हणायचो.

वर्गात मात्र मी वाघीण. समतेचा तास म्हणजे माझा रंगमंच. कळंबोलीच्या लोखंड बाजारात दलाली करणारे, द्रोणागिरीच्या गोदामांत सुपरवायझर असलेले, नोकरीवरून किंवा नोकरीआधी येणारे विद्यार्थी. एकदा गोदामातल्या एकाने विचारलं, "मॅडम, हे सोळावं कलम आमच्या मालकाला लागू आहे का?"

"नाही. ते सरकारी नोकरीपुरतं."

"मग आम्हाला काय?"

"तुम्हाला वेगवेगळे कायदे आहेत. ते पुढच्या सत्रात."

"तोपर्यंत नोकरी टिकली पाहिजे ना, मॅडम!" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

आता ती. ती माझी विद्यार्थिनी, नंतर माझी सहकारी. उरणच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली. आई बाजारात मासे विकते. घराण्यात पहिली पदवीधर, पहिली वकील, पहिली प्राध्यापक. कामगार कायदा शिकवते, आणि हे बोलताना मला जरा जड जातं, माझ्यापेक्षा चांगला शिकवते. ती रुजू झाली त्या दिवशी हेडक्लार्कच्या टेबलाशी मी तिच्या शेजारी बसले होते. दुसरा कागद वाचून तिने मान वर केली. "मॅडम, सही करू?"

"कर गं," मी म्हणाले. "सगळेच करतात."

सहा वर्षांनी, ऑगस्टच्या सुरुवातीला, तिने प्रसूती रजेचा अर्ज दिला. सव्वीस आठवडे, कायद्याच्या कलमासकट. आमच्या कॉलेजात असा अर्ज त्याआधी कुणी दिला नव्हता, आणि त्याला कारणही मीच. माझी मुलगी मे महिन्यात झाली. आम्ही ते तसं बसवलं होतं, कॅलेंडर समोर ठेवून. जूनमध्ये मी परत वर्गावर उभी. 'एकही तास बुडवला नाही' हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलं होतं की तो कॉलेजचा अलिखित नियमच होऊन बसला. माझ्यामागून आलेल्या दोघींनी उन्हाळ्याच्या सुट्टीतच बाळंतपणं उरकली. तिसरीला ते जमेना, तिने नोकरी सोडली. तिच्याही निरोपाचं सूत्रसंचालन मीच केलं होतं.

शेठनी मला बोलावलं. समोर चहा ठेवला. "मॅडम, तुमचा बालंतपन झाला तवा रजा किती घेतलीत?"

"सुट्टीत झालं, शेठ."

"तेच म्हनतो मी. समजवा तिला. पोर चांगली हाय." ते हसले. "मना वाईट वाटंल."

'मना वाईट वाटंल' हे शेठचं वाक्य आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रंथपालांच्या बाबतीतही त्यांना वाईट वाटलं होतं.

मी तिला गाठलं. शब्द जपून वापरले. जरा जुळवून घे, रजा थोडी कमी माग, असं काहीतरी बोलले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मॅडम, बाळ डिसेंबरात आहे. त्याला सांगू का, मे महिन्यापर्यंत थांब म्हणून?"

पुढच्या बुधवारी सकाळी फलकावर तिचं नाव होतं.

ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा तिथे आम्ही पाच जण होतो. सगळ्यांनी एकदम वह्या तपासायला घेतल्या. ती माझ्यासमोर उभी राहिली. "मी राजीनामा दिलाय म्हणे," ती म्हणाली. "कालच्या तारखेला. शांतपणे आणि पूर्ण विचारांती."

ती काय गमावत होती ते तिला आणि मला, दोघींनाही पक्कं माहीत होतं. नोकरीत असलेल्या गरोदर बाईला कायदा हात लावू देत नाही. पण जिने स्वेच्छेने राजीनामा दिला, तिचं कुणी काही काढून घेतलेलंच नसतं. रजा नाही, नोकरी नाही, तक्रारही नाही. तो कागद टिकला तर सहा वर्षं पुसली जाणार होती. आणि तो कागद टिकावा अशीच त्याची रचना होती.

शुक्रवारी शेठचा निरोप आला: सूत्रसंचालन नेहमीप्रमाणे मॅडम करतील. मी हो म्हटलं. वर्गातली वाघीण हो म्हणाली. मग जिन्यात तिला गाठून एवढंच कुजबुजले, "शालीला हात लावू नकोस. फोटो निघू देऊ नकोस."

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत तिची आई, जरीची साडी नेसून, डोक्यात अबोलीचा गजरा. तिला शेठच्या गाडीने आणलं होतं आणि लेकीचा सत्कार आहे एवढंच सांगितलं होतं. ती माझ्याकडे बघून आनंदाने हसली. मी माइकशी गेले. नेहमीचा किस्सा तयार होता. तिचं नाव पुकारलं. शेठ शाल उलगडून उभे राहिले.

ती जागेवरून उठली नाही.

मी पुन्हा पुकारलं. माझा आवाज सभागृहात फिरून परत आला. ती बसल्या जागेवरून, अगदी साध्या आवाजात, म्हणाली, "मी कुठेही जात नाहीये. मी राजीनामा दिलेला नाही."

शेठ शाल धरून उभे होते. त्यांनी ती हळूच घडी केली, घडीवर घडी, अगदी नीट, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, बोला काहीतरी." बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातातला माइक मीच बंद केला.

खाडीपलीकडच्या न्यायाधिकरणात अपील करायला तीस दिवस असतात. ते आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार केलं, दुपारच्या वेळी, कॉलेज सुटल्यावर. तिला आत येऊ देत नव्हते. मी मात्र रोज जात होते, फलक बघत होते आणि घरी येऊन तिच्या अपिलाला मदत करत होते. अशा वेळी आपण शूर आहोत असं माणसाला वाटायला लागतं.

एका दुपारी तिने राजीनाम्याची प्रत टेबलावर पसरली आणि पेन्सिलीने एकेका शब्दाखाली रेघ ओढत गेली. "कुणी लिहिलं असेल हो हे?" ती म्हणाली. "भयंकर हुशार माणूस आहे. दडपण, आमिष... आणि हे बघा, 'वा सूचनेविना'. एकही फट ठेवलेली नाही."

मी उठून चहा टाकला. आता खरं सांगते, गॅस पेटवताना मला क्षणभर बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी जाणकाराने दाद दिली होती. मग हाताला चटका बसला.

मी तिला सांगितलं नाही. उद्या सांगू, असं म्हणत राहिले. माझं स्वतःचं बिनतारखेचं पत्र शेठच्या केबिनमधल्या हिरव्या कपाटात होतं, हे एक कारण. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघायची ती नजर जाईल, हे दुसरं. दुसरंच मोठं होतं.

तिचे दिवस भरत आलेले पाहून न्यायाधिकरणाने सुनावणी लवकर लावली. मी शपथपत्र दिलं होतं: कॉलेज रुजू होतानाच बिनतारखेचे राजीनामे घेतं. एवढंच. कॉलेजतर्फे उभा राहिला तो वकीलही माझाच विद्यार्थी. आमच्या भागात कुठेही जा, समोर माझाच विद्यार्थी असतो. उंच, गोड बोलणारा. वर्गात कधी पहिल्या बाकावर बसला नाही, पण परीक्षेत पहिला. त्याने मला वाकून नमस्कार केला आणि उलटतपासणी सुरू केली.

"मॅडम, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, की लेखी कागदासमोर तोंडी सांगणं टिकत नाही?"

"शिकवलं. त्याचे अपवादही शिकवले होते. तू त्या दिवशी गैरहजर होतास."

न्यायाधीश खाली बघून हसले. शेठसुद्धा हसले. मागच्या बाकावर ती बसली होती, पोटावर हात ठेवून, शेजारी तिची आई. मला वाटलं, जमतंय. मग त्याने तो कागद माझ्यासमोर धरला.

"ही भाषा बघा, मॅडम. 'दडपणाविना, आमिषाविना वा सूचनेविना.' असं आपला साधा क्लार्क लिहील?"

"नाही."

"शेठ लिहितील?"

"नाही."

"हे कायद्यात मुरलेल्या माणसानंच लिहिलंय?"

"हो."

"अपीलकर्त्या कामगार कायदा शिकवतात. सहा वर्षं." तो न्यायाधीशांकडे वळला. "साहेब, हा राजीनामा कुणी लिहून घेतलेला नाही. ही भाषाच सांगते की तो त्यांनी स्वतः, शांतपणे बसून लिहिलाय. शब्दन् शब्द तोलून."

मला माझा सापळा दिसला. मीच विणलेला, इतका घट्ट की आता त्यात माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी अडकत होती, आणि ती का अडकत होती, तर तो चांगला विणला होता म्हणून. मी गप्प राहिले असते तर तो प्रश्न तिथेच संपला असता. न्यायाधीशांनी लिहायला पेन टेकवलंही होतं.

"ती भाषा माझी आहे," मी म्हणाले.

"काय म्हणालात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हा मसुदा मी लिहिला, साहेब. बावीस वर्षांपूर्वी, रुजू झाले त्या दिवशी. आमच्याकडे प्रत्येकाकडून यावरच सही घेतात. पहिली सही माझी आहे." कुणी विश्वास ठेवला नसता, म्हणून मी डोळे मिटले आणि सगळा म्हणून दाखवला. शांतपणे व पूर्ण विचारांती पासून ऋणी आहे पर्यंत, स्वल्पविरामाच्या जागी थांबत. मला सभेत म्हणायची सवय आहे. आवाज आपोआप लागला. म्हणून संपलं तेव्हा मी डोळे उघडले. वकील माझ्याकडे बघत नव्हता. तो त्या कागदावर बोट ठेवून ताडून बघत होता आणि त्याचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं होतं.

मी मागच्या बाकाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या आईने तिला हळूच काहीतरी विचारलं.

न्यायाधीशांनी आजवरचे सगळे राजीनामे आणि कपाटातले बिनतारखेचे कागद तीन दिवसांत हजर करायला सांगितलं. बाहेर पडले तर व्हरांड्याच्या टोकाला शेठ उभे होते. "चला मॅडम, गाडी हाय. पनवेलला सोडतो."

मी बसले. नाही म्हणायचं सुचलंच नाही. त्यांना नाही म्हणायची सवयच नव्हती आम्हाला. खाडीचा पूल आला तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बापाचा अंगठा घेतला तवा वाचनारा कोन नव्हता. म्हनून कॉलेज काढला. तुमी पयल्या आलात, कागद वाचलात, आनि फाडला नाय. बसून चांगला करून दिलात." त्यांनी काच वर केली. "मना वाटला, शिकलेली बाई करते, म्हंजे ह्यात वाईट काय नाय."

गाडी कळंबोलीच्या ट्रकांमधून वाट काढत होती. मी एवढ्या वर्षांत वर्गात दिलेली सगळी उत्तरं आठवून पाहिली. त्यातलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. मला दारात उतरवताना ते म्हणाले, "जपून ऱ्हावा." त्यांनी ते काळजीने म्हटलं की दुसऱ्या कशाने, मला आजही सांगता येणार नाही.

राजीनामे हजर झाले. अकरा माणसं, अकरा वेगळी वर्षं, आणि सगळ्यांचा विचार शब्दशः एकच. ग्रंथपालांचा हसरा फोटोही त्यात होता. नोव्हेंबरात निकाल आला: राजीनामा रद्द, तिची नोकरी अखंड, रजा पूर्ण. निकालात एक परिच्छेद माझ्यावर आहे. 'कायद्याच्या अध्यापिकेने असा दस्तऐवज तयार करावा आणि तो इतकी वर्षे वापरला जाताना पाहावा, ही बाब खेदजनक आहे.' वाक्य बरं आहे. मसुदा माझा असता तर मी त्यातला एक शब्द वगळला असता.

माझी नोकरी आहे. कुणी काही बोलत नाही. माझा भेदभावाच्या कायद्याचा पेपर यंदा वेळापत्रकात नाही. विद्यार्थी नाहीत म्हणाले. नव्याने येणाऱ्यांकडून आता राजीनामा घेत नाहीत. त्यांना अकरा महिन्यांचा करार देतात, आणि अकरा महिने संपले की काही भरावं लागत नाही. निरोप समारंभ बंद झाले. फलकावर आता फक्त परीक्षांच्या सूचना असतात, तरी सकाळी सगळे तिथे थबकतातच.

जानेवारीत मी उरणला बाळ बघायला गेले. तिची आई दारातच भेटली. "ये गो बाय! आलीस काय! कोरटात तुजा भाषान आयकला आमी. काय पाठ होता गो तुना, देवाच्या आरतीसारा!" आणि टाळी देऊन हसली. तिने मला सुकटीचा वास येणाऱ्या ओट्यावर खुर्ची टाकून दिली, चहा दिला, बाळ मांडीवर आणून ठेवलं. मुलगी. केस भरपूर, मूठ घट्ट. मी नेहमीप्रमाणे काहीतरी विनोद केला आणि आजी खदखदा हसली.

ती आतून आली, भिंतीला टेकून बसली. हसली नाही. रागावलेलीही दिसत नव्हती. बाळ माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं, आणि पाठ थोपटत राहिली.

"बाळ छान आहे गं," मी म्हणाले. "मी तुला आधीच सांगायला हवं होतं."

"हो."

"मला वाटलं होतं..."

"मॅडम, ते राहू द्या." तिने बाळाची मान सावरली. "मला एक विचारायचंय. मी घरी बसल्या बसल्या सेवानियम वाचले. वसतिगृहातल्या मुलींकडून लिहून घेतात ते हमीपत्र वाचलं. तो नवा अकरा महिन्यांचा करारही मिळवला." ती माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ बघत होती. "आणखी काय काय लिहून दिलंय तुम्ही शेठना?"

तिच्या आईचं हसू जागच्या जागी राहिलं. ती लेकीकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून लेकीकडे बघायला लागली. करार माझा नाही, हे मला ठामपणे सांगता आलं असतं. पण त्यातली दोन वाक्यं वाचताना मला ओळखीची वाटली होती.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली आणि मागच्या फडताळातली वही ओढली.

मी सांगायला लागले. दुसऱ्याच कागदाशी तिने मला हाताने थांबवलं, आईला जवळ बोलावलं आणि लिहिण्यासाठी दोन्ही हात मोकळे करायला बाळ तिच्याकडे दिलं.